विचारून येणारा माणूस

वसंतअण्णा गेल्याचा बेळगावहून फोन आला, तेव्हा मी एका आजींचं नाव नोंदवत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "हार्ट अटॅक. काल घरीच. आता सर्व्हरचं काम नवीन साहेब बघतील." मी "अरेरे" म्हटलं, पण खरं सांगते, मनात आलं ते वेगळंच... आता आपल्या स्क्रीनवर कोण येणार? माणूस गेल्याचं वाईट वाटायला मला संध्याकाळ व्हावी लागली. माझा स्वभावच तसा आहे. दूधवाल्यानं वरून चार थेंब जास्त घातले, तर आज पाणी किती मिसळलंय असं मी आधी बघते.

आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल बेळगावच्या कॅम्पात आहे. त्याची एक शाखा इथे निपाणीत आणि एक बोरगावात. निपाणीत पेशंटची नोंदणी मी करते. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर म्हणून जे आहे, तो जेवणाच्या डब्याएवढा एक डबाच आहे, आणि त्यात जवळजवळ काही नाही. सगळं काम चालतं बेळगावच्या सर्व्हरवर. इथे येतं ते त्याचं चित्र, आणि तेही आमच्या रडतखडत चालणाऱ्या लाइनीवरून. आपण नाव टाइप करून बसायचं, अक्षरं मागून सावकाश येणार. लाइन तुटली की वाटायचं, गेलं सगळं. पुन्हा जोडली की अर्धवट नाव जसंच्या तसं तिथेच. बाकीच्यांना त्याचं कौतुक वाटे. मला वाटे, मी नसताना माझं अर्धवट काम तिकडे धरून कोण बसलंय? तो सर्व्हर सांभाळत ते वसंतअण्णा.

काही अडलं की त्यांना फोन करायचा. "ताई, येऊ काय तुमच्या स्क्रीनवर?" असं ते विचारायचे, आणि पाठोपाठ स्क्रीनच्या मधोमध इंग्रजीत एक चौकोनी पाटी यायची: वसंत तुमचा स्क्रीन बघू इच्छितात, चालेल का? 'हो'वर टिचकी मारली की बाण आपोआप हलू लागायचा. इतक्या वर्षांत मी या माणसाला ओळखलं ते जास्त करून त्या बाणावरूनच. आम्ही लोक स्क्रीन हलला नाही की बटणं बडवत सुटतो, आणि मग एकाच पेशंटचे दोन केसपेपर निघतात. अण्णांचा बाण मात्र एकदा टिचकी मारून गप उभा राहायचा. "घाई करू नगासा," ते म्हणायचे, "तुमच्या म्होरं दिसतंय ते मगाचं हाय. आत्ताचं अजून वाटंवर हाय." बोलणं गोड होतं, आणि गोड बोलणारा माणूस मला लगेच पटत नाही.

तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर शोभाआक्का होत्या. लांबच्या खेड्यांतून म्हाताऱ्या बायका यायच्या, त्यांची परतीची बस चुकू नये म्हणून आक्का त्यांचा नंबर गुपचूप वर घ्यायच्या. एक दिवस बेळगावला हे कळलं आणि आक्कांची बोरगावला बदली झाली. त्यांचं घर आमच्या दवाखान्यामागेच. दुपारी जाऊन त्या अंथरुणावरच्या सासूला भरवून यायच्या. ते बंद झालं. कुणी सांगितलं, याबद्दल आमच्यात कुणालाच शंका नव्हती. आमच्या स्क्रीनवर येणारा एकच माणूस आम्हाला माहीत होता. त्याची पाटीच यायची ना!

आक्कांनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. "तुम्हीच सांगितलासा न्हवं?" ते म्हणाले, "आक्का, तुम्ही व्हय म्हटल्याबिगर मी कवा आलतो काय, तेवढं आठवून बघा." आक्कांनी फोन आपटला. आम्हाला ते वकिली उत्तर वाटलं.

पुढे म्हाताऱ्यांचे नंबर मी वर घेऊ लागले. कुणीतरी ते करायलाच हवं होतं. एकदा प्रिंटर बिघडला म्हणून अण्णा विचारून आले, आणि त्यांचा बाण नेमका तसल्याच एका नंबरावर येऊन थांबला. बाण थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग प्रिंटरकडे गेला. फोनवर ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मी रोज बदलीच्या हुकमाची वाट बघत होते. तो आला नाही, तेव्हा वाटलं, हा माणूस दाबून ठेवतोय, पुढे कधीतरी वापरायला.

अण्णा गेल्यावर मी पिरनवाडीला त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या पत्नी सांगत होत्या, "आपल्याच घरात शिरायचं तरी भाईरनं हाक मारायचे, येऊ काय म्हणून. मी हसायची." मला वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. चहा घेतला आणि निघाले.

त्यानंतर आमच्याकडे पाटी यायची बंद झाली. ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. नवीन साहेब डोकावत नाहीत, भला माणूस दिसतो, असं बोलणं सुरू झालं. माझं मन मात्र खात होतं. बघणं थांबलंय, की नुसती पाटी?

गेल्या आठवड्यात एक आजी उशिरा आल्या. एका डोळ्याला पट्टी, बरोबर कुणी नाही. मी त्यांना शेवटून उचलून दुसऱ्या नंबरावर घेतलं. स्क्रीनवर नाव अजून पुरतं उमटलंही नव्हतं, तोच फोन वाजला. नवीन साहेब. "मॅडम, त्या पेशंटला वर का घेतलं?" मी स्क्रीनकडे बघितलं. पाटी नव्हती. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारलं नाहीत." ते म्हणाले, "काय विचारायचं?" आवाजात राग नव्हता, कावाही नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी नंबर परत बदलला नाही. आजी दुसऱ्या नंबरावरच आत गेल्या. हुकूम यायचा तेव्हा येईल.

दुपारी बोरगावला फोन लावला. "आक्का, तुमचं नंबरांचं सापडलं त्या दिवशी पाटी आलती काय?" "न्हाय गं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कायबी आलं न्हवतं."

म्हणजे विचारल्याशिवाय बघणारं कुणीतरी तेव्हाही होतं. जो विचारून यायचा, त्याच्यावरच आम्ही आळ घेतला. मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगणार नाही, की त्यांनी कधीच काही सांगितलं नसेल. आणि मला त्यांचा रागही येतो. दुसरं कुणी बघतंय हे ठाऊक असेल तर सरळ बोलायचं होतं, अण्णा. नोकरीची भीती तुम्हालाही असेल, पण एवढं सांगायला हवं होतं... तरीही मला त्यांची फार आठवण येते. फोन वाजला की 'येऊ काय?' ऐकू येईल असं वाटतं.

सकाळी डबा सुरू केला की अजूनही मी क्षणभर स्क्रीनच्या मधोमध बघते. तिथे काही येत नाही. मग मी पदर सारखा करते, नीट बसते आणि पहिलं नाव टाइप करायला घेते.