जोडाच्या कडेला

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी धातू तपासते. वर्षातून एकदा बॉयलर थंड करतात. तेव्हा वाफेच्या मोठ्या पाइपाचा वेल्डिंगचा जोड घासून लख्ख करायचा, त्यावर पातळ फिल्म चिकटवायची, सोलून काढायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. जोडाच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. नऊ वर्षं ठसा स्वच्छ आला आणि मी ऐटीत सही ठोकली.

माझा नवरा त्याच बॉयलरवर ऑपरेटर. थंडीत तो बरोबर त्या जोडाखाली डबा उघडायचा, ऊब मिळते म्हणून. दोन हिवाळे त्यानं एकच पालुपद लावलं होतं, "तिथं बसलं का मानेवर कोणी फुंकर मारून राहिलं असं वाटते वं." पाइपावर एवढी जाड ग्लासवूल गुंडाळलेली, फुंकर कुठली डोंबलाची? जेव मुकाट्यानं, असं मी म्हणायचे.

यंदा परांची जरा बाजूला बांधली गेली. जोडाच्या मध्यावरच्या माझ्या नेहमीच्या खुणेपर्यंत हात पुरेना. बांधणाऱ्यांवर चिडले, मग वैतागून बोटभर अलीकडे, जोडाच्या कडेलाच घासलं.

फिल्म मायक्रोस्कोपखाली बघितली. काळे ठिपके, मुंग्यांसारखे एका रांगेत. परांची सरकवून पुन्हा मध्यावर घासलं, तर तिथे काही नाही.

जोड म्हणजे एकसारखं लोखंड नसतं. पाइपाचं मूळ पोलाद असतं, वितळवून ओतलेलं भरण असतं आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टी, न वितळता नुसती होरपळलेली. ना धड पाइपाची, ना भरणाची. रोजच्या उष्णतेनं आणि दाबानं तिथेच एकेक भोक पडत जातं, भोकं जुळून भेग होते. हे तोंडपाठ असून मी नऊ वर्षं मध्यच तपासला, कारण माझ्या आधीच्या माणसानं खूण तिथे केली होती. मूर्खपणा, दुसरं काय.

मॅनेजर म्हणाले, उद्या बॉयलर पेटवायचाय मॅडम, हे पुढच्या वर्षी बघू. पाइपाखाली कोण डबा घेऊन बसणार, हे मला माहीत होतं. मी सही केली नाही. माझा आवाज फार चढला त्या दिवशी. शेवटी पाइप कापला.

कापलेल्या तुकड्यावर फिटरनं घण घातला. दोन-तीन घावांत तो जोडाच्या कडेनं दुभंगला. भरण जसंच्या तसं. नवरा मागे पांढराफटक उभा होता.

तुटलेली कड मी कितीतरी वेळ तपासली. भेग आतून बरीच वर आली होती, पण आरपार कुठेच गेली नव्हती. वाफेचा कणही बाहेर येणं शक्य नव्हतं.

घरी जाताना त्याला हे सांगितलं.  तो मानेवरून हात फिरवत म्हणाला, "मंग फुंकर कोण मारून राहिलं होतं वं?"

नव्या जोडाखाली आता थंडीत मीच डबा खाते, मान उघडी ठेवून.