परजिल्ह्यातल्या गोळ्या

मी तोंडाची फाटकी. एकदा सुरू झाले की थांबत नाही, आणि एचआयव्हीचं काम करणाऱ्या संस्थेनं मला कामावर घेतलं तेही त्याच गुणामुळे. आम्ही तृतीयपंथी, दारोदार टाळी वाजवून पोट भरणारी माणसं. आमच्या वस्तीत किंवा धंद्यावरच्या बायांकडे कोणी फाइल घेऊन आला की दारं लागतात. मी गेले की चहा टाकतात. मग मी उंबऱ्यापाशी बसकण मारते, पिशवीतून कंडोमची पाकिटं काढते आणि एचआयव्ही कशानं होतो, कशानं होत नाही ते सांगते. ‘हात लावल्यानं होत नाई वं माय! होत असता तर मले कवाच झाला असता, मी तं साऱ्याइले चापटा मारत फिरते,’ असं म्हटलं की बाया हसतात. हसल्या की तपासणीला यायला अर्ध्या तयार होतात.

वरवट बकालपासून संग्रामपूरपर्यंत किती जणींना मी असं हाताला धरून नेलं असेल. हट्टी, भांडकुदळ, शिव्या देणाऱ्या, सगळ्या आल्या. आली नाही ती फक्त माझी गुरू.

गुरू म्हणजे आमच्यात आई, बाप, सासू सारं एकच. मी तिला अम्मा म्हणते. आमच्या डेऱ्यात, म्हणजे आम्ही चेल्या तिच्यासोबत राहतो त्या घरात, तिचा शब्द शेवटचा. त्या दिवाळीनंतर ती वाळायला लागली. ब्लाउज खांद्यावरून उतरायचे, गालफडं बसली. कोणाकडे बाळ झालं की आम्ही बधाई मागायला जातो, बाळाला मांडीवर घेऊन गाणी म्हणतो. तिथं अम्माला दुसऱ्याच गाण्याला दम लागायचा. माझ्या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. अशी वाळलेली माणसं मी पाहिली होती, खूप उशिरा आलेली. त्यातली काही दवाखान्यातून परत आलीच नाहीत. मला रात्रंदिवस तीच धास्ती. अम्मालाही तेच असलं, आणि तिनं असाच उशीर केला, तर?

‘अम्मा, एक थेंब रक्त द्याचं. मुंगी चावल्यासारखं होते फक्त.’

‘मले काई झालं नाई. ऊन लागलं असन.’

‘हिवाळ्यात ऊन?’

‘तोंड सांभाळ बे.’

असं रोज. शेवटी मी शिबिरच डेऱ्यात आणलं. सतरंज्या अंथरल्या, साऱ्या चेल्या बोट टोचून घ्यायला एकीमागे एक बसल्या. अम्मानं खुंटीवरची छत्री काढली. म्हणाली, ‘आज माहा दर्ग्याचा दिवस हाय,’ आणि निघाली एसटी गाठायला. महिन्यातून एकदा ती दर्ग्याला जायची हे खरं, पण नेमकं आजच? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आग निघाली भलत्या वेळी. त्याच आठवड्यात दुसऱ्या डेऱ्यातल्या पाहुण्या आल्या होत्या, मोठ्या मानाच्या. चहा पिता पिता अम्माला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझी सटकली. ‘मरून जाशीन तू! मी गावोगाव लोकाइले वाचवत फिरून राह्यली, अन् माह्या घरातच मयत होईन!’

गुरूला ‘तू’ म्हणायचं, वर ओरडायचं, तेही पाहुण्यांसमोर. आमच्यात याहून मोठी आगळीक नाही. अम्मानं बशी खाली ठेवली. ‘हिच्याशी कोणी बोलाचं नाई,’ एवढंच म्हणाली.

आणि खरंच कोणी बोललं नाही. ताटात भाजी पडायची पण ‘घे’ म्हणायला कोणी नाही. माझ्यासारखीला ही शिक्षा म्हणजे आता गं बाई, मारलं असतं तरी परवडलं असतं. मी मांजरीशी बोलायला लागले. मांजरही उठून जायचं. आणि त्या सगळ्यात अम्मा रोज थोडी थोडी कमी होत चाललेली डोळ्यांनी दिसत होती, आणि मला विचारायचीही सोय राहिली नव्हती.

महिनाभरानं वरवट बकालच्या एका बाईचं काम निघालं. शेतमजुरी करणारी, नवरा गेलेला, तपासणीत एचआयव्ही निघालेला. गोळ्या सुरू करायच्या होत्या. ती म्हणाली, ‘येईन, पण आपल्या जिल्ह्यात नाई. तिथं माहा भाचा कामाले हाय. तिकडं चाल.’ तिकडं म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात. आमच्या कामातली ही जुनीच रीत. इकडची माणसं ओळख लपवायला तिकडे गोळ्यांना जातात आणि तिकडची आपल्याकडे येतात. फाट्यावर दोन्हीकडच्या एसट्या शेजारी उभ्या राहिल्या की मला वाटतं, सगळ्यांनी खिडकीतून एकमेकांना हात तरी करावा.

दवाखान्यात पोचलो. बाईला मी समुपदेशक मॅडमच्या खोलीत बसवून आले, आणि बाहेर बाकड्यांची रांग होती तिथं जागा शोधत होते. तेवढ्यात ओळखीचं हसू ऐकू आलं. मान वळवली. पहिल्याच बाकड्यावर पाय वर घेऊन, डोक्यावर पदर घेऊन अम्मा बसलेली. शेजारच्या म्हातारीला शेंगदाणे देत होती. गोळ्यांच्या खिडकीतून सिस्टर म्हणाली, ‘अम्मा, आज एसटी चुकली वाटते तुमची?’ रोजच्या गिऱ्हाइकाशी दुकानदार बोलतो तशी.

आमच्या कामात एक नियम असतो. अशा जागी कोणी ओळखीचं दिसलं तर आपण ओळख दाखवायची नाही. मी झटकन भिंतीकडे तोंड केलं. आधी राग आला, असा की कान गरम झाले. हा दर्गा? आणि मग डोक्यात लख्ख पडलं. गोळ्या घेते. अगं बाई, ही तर गोळ्या घेते! आजची नवी नाही, जुनी आहे, सिस्टर चांगली ओळखते. म्हणजे मरत नाही. मी तिथंच फरशीवर फतकल मारली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागले. लोक बघायला लागले.

‘ये इकडं,’ मागून आवाज आला. ‘किती दिवस गप राह्यशीन? फुटशीन एखांद्या दिवशी.’

मी गेले. अम्मानं सरकून जागा केली. मी पहिलं विचारलं ते वाळण्याचं. तिनं सरळ खिडकीकडे हाक मारली, ‘सिस्टर, हिले सांगा वं, नाही तं हे माह्या मयताची तयारी करीन.’ सिस्टरनं सांगितलं की अम्माच्या रक्तातला विषाणू इतका कमी आहे की मशीनला सापडत नाही. वाळली ती साखरेमुळे. मागच्या खेपेलाच मधुमेह निघाला, त्याच्याही गोळ्या सुरू झाल्यात. ‘चहा फिका प्यायला सांगितलाय. पितात का?’

‘पिते,’ अम्मा धडधडीत खोटं बोलली.

‘मंग माह्यापासून काऊन लपवलं?’ मी म्हटलं. ‘माहं कामच हे हाय, अम्मा!’

‘कामच हे हाय म्हणून. तुह्या पोटात काई राह्यते का? अन् लोकाइले कळलं असतं तं साऱ्या चेल्याइच्या हातातून लेकरं काढून घेतली असती. तू किती बी सांग, हात लावल्यानं होत नाई. बाळाच्या मायची तेवढी हिंमत होत नाई अजून.’

मला चांगलं ठाऊक होतं की ती खरं बोलते आहे. मी नुसतं विचारलं, ‘कवापासून घेता गोळ्या?’

अम्मानं मांडीवरची शेंगदाण्याची फोलपटं गोळा केली. ‘तू आली तवापासून.’

मला कळलं नाही.

‘बीमारी तं आधीची. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं गोळ्या घे. नाई घेतल्या. म्हटलं, कायले? कोणासाठी जगाचं? मंग एक दिवस दारात तू. घरच्याइनं मारून हाकललेली, तोंड सुजलेलं, एका पायात चप्पल. म्हणे भूक लागली. तुले वाढता वाढता मले वाटलं, मी गेली तं या पोरीले कोण पाहीन? दुसऱ्या दिवशी या दवाखान्यात आली.’

खिडकीतून अम्माचं नाव पुकारलं. ती उठायच्या आत मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि गळा काढून रडले. इतकी वर्षं मी समजत होते की या बाईनं मला वाचवलं. अख्खी रांग आमच्याकडे बघत होती.

अम्मानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ‘उठ बे,’ म्हणाली, ‘लोकाइले वाटीन मी मेली.’