सरांनी परत घेतलेला शब्द

मोकल सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रोह्यात, तंत्रशाळेच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी. मोटार मेकॅनिकच्या वर्गात नाव घालायला मी वडिलांबरोबर पेणजवळच्या गडब गावाहून आले होते. आमच्या घरी भातशेती. मोटार सोडाच, दुचाकीसुद्धा नव्हती. मुलीचं नाव वाचून सर बाहेर आले आणि वडिलांना म्हणाले, “हिच्या हातांचं ग्रीस सहजी निघायचं नाही. घरी चालेल?”

“लावणीला चिखल लागतो तवा कोन इचारतं?” वडील म्हणाले.

सर खळखळून हसले. त्या वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. सरांनी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सहकाऱ्यांना सांगितलं, “लागली तर तिच्याकडून मागून घेत जा.” शिक्षक माझ्याकडे किल्ली मागायला यायचे तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण वर्ष सुखाने पार पडलं.

सरांच्या ज्ञानाबद्दल आणि शिस्तीबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते अलीकडेच घडलेल्या एका प्रसंगाबद्दल. त्या सकाळी मला जो धक्का बसला, तो अजून ओसरलेला नाही.

सरांचे भाचे महेशदादा रोह्याच्या एका कंपनीत आहेत. त्यांच्याकडे हौसेने घेतलेली एक जुनी जपानी गाडी होती, रोटरी इंजिनाची. बदली झाल्यामुळे ती त्यांना विकायची होती. गडबला हायवेवर दुकान चालवणाऱ्या अनंत पाटलांना ती फार आवडली, पण उभी असताना ती थरथरायची. अनंत म्हणाले, “मोकल सर चांगली म्हणाले तर डोळे मिटून घेतो.” सरांनी कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे इंजिन आत हवा किती दाबतं ते गेज लावून मोजलं. गेजचा काटा हवा तिथे जाऊन थांबला. इंजिन ठीक आहे, प्लग बदलून घ्या, असं सरांनी सांगितलं आणि सौदा ठरला.

ते प्लग घ्यायला अनंत पेणला माझ्या वर्कशॉपमध्ये आले. सगळं ऐकून मला वेगळीच शंका आली. मुंबईत असताना मी अशा इंजिनांवर काम केलं होतं. त्यात पिस्टन नसतात. त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजू आळीपाळीने हवा दाबतात. साध्या गेजमधला वॉल्व्ह दाब धरून ठेवतो. त्यामुळे तिन्हींतल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा दाब तेवढा दिसतो. बाकीच्या दोन मेलेल्या असल्या तरी काटा काही बोलत नाही. वॉल्व्ह काढला की मात्र काटा रोटरच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळा उडतो.

आता हे सरांना कसं विचारायचं? ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, त्यांनाच? शेवटी फोन केला.

“सर, गेजमधला वॉल्व्ह काढून पाहिलं होतं का?”

मला वाटलं, सर रागावतील.

“नाही गो,” सर म्हणाले. “तीन बाजू. माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या सकाळी गेज घेऊन अक्काकडे ये. पाटलांनाही आण.”

अक्का म्हणजे सरांच्या थोरल्या भगिनी, महेशदादांच्या आई. मला वाटलं होतं, सर आधी घरच्यांना बाजूला घेऊन समजावतील, मग बघू. पण आम्ही पोहोचलो तेव्हा सर अंगणात गाडीपाशी उभे होते आणि सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, “मी केलेली टेस्ट चुकीची होती. ती पुन्हा करायची आहे.”

महेशदादांचा चेहरा उतरला. “मामा, सौदा झालाय!”

“आरं, कालच तू बोललास ना, गाडी चांगली हाय?” अक्का म्हणाल्या.

“बोललो होतो अक्का. पण नीट न बघता बोललो.”

मी इंजिन चांगलं गरम करून घेतलं, बॅटरीचा चार्ज पाहिला, इग्निशन आणि पेट्रोल तोडलं, प्लग काढले, वॉल्व्ह काढलेला गेज बसवला. सरांनी स्वतः अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला आणि अनंत पाटलांनी मोबाइलवर काट्याचं चित्रीकरण केलं. इंजिनात दोन रोटर होते; पुढचा ठीक निघाला. मागच्या रोटरचं चित्रीकरण सावकाश चालवून पाहिलं. काटा एकदा उंच उडत होता आणि पुढे दोनदा जागच्या जागी नुसता हलत होता. पुन्हा एकदा उंच, पुन्हा दोनदा काहीच नाही.

सर अनंतकडे वळले. “मी दिलेला शब्द परत घेतो. ही गाडी आहे तशी घेऊ नका.”

महेशदादा तडक आत गेले. अक्कांनी भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “स्वताच्या भाच्याचा तरी इचार करायचास रे.” आम्ही चहा न घेताच निघालो. त्यानंतर अक्कांच्या घरच्या गणपतीचं आमंत्रण सरांना आलं नाही. त्या दिवसांत सर जेवायचे कमी, हे सरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, मला सांगितलं.

पुढे महेशदादांनीच इंजिन माझ्याकडे उघडायला पाठवलं. मागच्या रोटरच्या टोकाची, दोन बाजूंमधला दाब अडवणारी सील तडकून तिचा तुकडा सैल झाला होता. गाडी घाटात पळवली असती तर त्या तुकड्याने आतली भिंत खरवडून काढली असती आणि इंजिन कायमचं गेलं असतं. महेशदादांनी माझ्या वर्कशॉपमध्ये तो तुकडा हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाले, “मामांना फोन लावून दे गो. माझा उचलतील का, म्हायत नाय.”

सरांनी पहिल्याच रिंगला उचलला.

नव्या सील बसवल्यावर मामा-भाचे दोघांनी शेजारी उभं राहून काटा पाहिला. तिन्ही उड्या सारख्या. गाडी अखेर अनंत पाटलांनीच घेतली आणि अक्कांनी सरांना जेवायला बोलावलं.

मी लेख लिहिणार हे कळल्यावर सरांनी मला बजावलं, “हा प्रसंग लिहिणार असशील तरच लिही.” गौरवग्रंथात आपली चूक छापा म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला पुन्हा धक्का बसला.

सध्या सर विजेवरच्या गाड्या शिकताहेत. माझ्या वर्कशॉपमध्ये येतात, माझ्याच कारागिरांच्या रांगेत स्टूल टाकून बसतात आणि समजलं नाही की हात वर करतात. सर, तुमचा तो हात अजून खूप वर्षं असाच वर होत राहो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि तुम्हाला उत्तरं देताना आमची अशीच तारांबळ उडत राहो.