नापासांचा वर्ग

आज अकोल्याच्या कचेरीच्या भिंतीला चुना लागत होता आणि त्या ओल्या वासाने लोकांचे अर्ज लिहिणारी माझी लेखणी थांबली. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातील खोलीलाही असाच वास येत होता. त्या खोलीत बार्शीटाकळीकडील एक विद्यार्थिनी मागे पडलेल्या धाकट्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी गणित शिकवीत असे. तो वर्ग बंद करून खोलीला चुना मारणे सुरू झाले, तेव्हा तिने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. माझ्या अर्जाचे वजन मला ठाऊक असल्यामुळे मी जातीने सोबत गेलो. विद्यापीठाच्या साहेबांनी अर्जाच्या भाषेची तारीफ केली व शांतपणे म्हणाले, "वर्गाला येणारेच जास्त नापास झाले. मग वर्गाचा उपयोग काय समजायचा?" ती म्हणाली, "सर, दवाखान्यात बिमारच माणूस येते. मंग दवाखाना बंद करता काय? हे पोरं कालेज सोडून चालले होते, ते परीक्षेले तरी बसले." साहेब हसले आणि म्हणाले, "त्याचा रकाना आमच्याकडे नाही." बाहेर व्हरांड्यात तिच्या वर्गातील एक मुलगी ओढणीचे टोक पिळत उभी होती. तिने विचारले, "ताई, आमी नापास झालो म्हणूनच बंद झाला काय वर्ग?" साहेबांपुढे न अडखळलेली ताई चुन्याच्या बादलीकडे पाहत राहिली. मी भाषेचा माणूस. मी घसा खाकरला, परंतु शब्द आला नाही. आज भिंत वाळेपर्यंत बसून पाहिले, तरीही आला नाही.