बांगड्यांचा अणू

माझं जे काही बरं झालं, ते शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. खानदेशातलं आमचं गाव लहान. दहावी झाली की मुलांनी सुरतेची गाडी धरायची आणि कापडाच्या लूमवर लागायचं, ही तिथली रीत. वडील मला घेऊन स्टँडवर उभे होते, तेव्हा सर सायकलवरून आले. म्हणाले, "भाऊ, सुरत कुठं पळून जात नाही. पोरगा दोन वर्षं मला द्या." वडिलांनी माझी पिशवी पुन्हा खांद्याला लावली आणि आम्ही घरी गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या दिवशी. कागद नंतर मिळाला.

शाळेत प्रयोगशाळा नव्हती. सरांनी घरच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, बांगड्यांचा अणू केला होता. तीन मापांच्या काचेच्या बांगड्या एकीत एक टांगलेल्या, मधे लाल रंगवलेला हरभरा, बांगड्यांवर डिंकाने चिकटवलेले ज्वारीचे दाणे. "हा हरभरा सूर्य, हे इलेक्ट्रॉन त्याचे ग्रह," सर सांगत. बारावीनंतर तो अणू त्यांनी मला दिला.

कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अणूची रचना विचारली. मी हातवारे करून बांगड्या आणि दाणे सांगितले. ते मागे रेलून हसले. "हा अणू आहे की कासाराचं दुकान?" दारातली मुलंही हसली. हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

पुढे मीही सुरतेलाच आलो, पण तिथल्या उधना भागात अकरावी-बारावीचा विज्ञानाचा क्लास घ्यायला. मुलं बहुतेक आपल्याच भागातली, आईवडील लूमवर नाहीतर पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये. बांगड्यांचा अणू क्लासच्या कपाटात असायचा.

यंदा सर मुलीकडे सुरतेला आले होते. गुरुपौर्णिमेला मी त्यांना क्लासमध्ये बोलावलं, शाल-नारळ दिला. त्यांनी कपाटात अणू पाहिला आणि विचारलं, "एक तास घेऊ का रे?" आवाज तसाच खणखणीत. अणू हातात धरून त्यांनी तोच सूर्य, तेच ग्रह सांगितले. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पेपरात हे लिहिलं तर मायनस होणार ना?"

ती मला विचारत होती, पण वर्ग सरांकडे बघत होता. मला एकदम ते जुनं हसू ऐकू आलं. मी घाईने म्हणालो, "हो. हे विसरा. हे चूक आहे."

"खिलौना आहे तो," एक मुलगा पुटपुटला. वर्ग हसला.

सर पहिल्या बाकावर जाऊन बसले. "मंग खरं काय शे, सांग ना," ते अहिराणीत म्हणाले. वर्गात ते कधी अहिराणी बोलत नसत. मी फळ्यावर ठिपके काढले, मधे दाट, कडेला विरळ. सांगितलं की इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरत नाही. कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

"म्हणजे नेमका कुठे?"

"नेमकं नाही सांगता येत, सर."

"मी तर आयुष्यभर नेमकं सांगत आलो रे."

निघताना त्यांनी अणू रुमालात बांधला. "हे मी नेतो. तुझ्या पोरांचे मार्क जायचे." मी त्यांना अडवलं नाही.

थोड्या दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. सर गावी परतले होते. तिथे ते रोज संध्याकाळी ओट्यावर मुलांना शिकवत असत. "बाबांनी फळा उलटा करून भिंतीला लावलाय. पोरं आली की त्यांना म्हणतात, मला काही येत नाही, घरी जा. दादा, तुम्ही काही बोललात का?"

फोन ठेवून मी कागद घेतला. मग हे पत्र टाकलं.

सर, पाया पडतो.

ताईने विचारलं, मी काही बोललो का. बोललो. कॉलेजात तोंडी परीक्षेत मी तुमच्या बांगड्या सांगितल्या आणि मला हसले. ते मी इतकी वर्षं मनात ठेवलं. त्या दिवशी मुलं पुन्हा हसतील या भीतीने मी स्वतःला वाचवलं आणि तुम्हाला पुढे केलं.

दुसरं म्हणजे मी धडा अर्धाच शिकवला. आधी अणू म्हणजे न फुटणारी गोळी मानत. मग एका प्राध्यापकांना इलेक्ट्रॉन सापडला. त्यांनी अणू कलिंगडासारखा मांडला, इलेक्ट्रॉन म्हणजे बिया. त्यांच्याच विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण सोडायला लावले. थोडे कण उलटे फिरले, आणि गुरूचं कलिंगड फुटून मधला हरभरा सापडला. त्या विद्यार्थ्याच्या हाताखाली शिकलेल्याने तुमच्या बांगड्या बसवल्या. पुढच्यांनी बांगड्या पुसून ढग काढला. उद्या ढगाचं काय होईल, मला माहीत नाही. हे सगळं सांगायचं सोडून मी नुसतं 'चूक' म्हणालो. तुमचा हरभरा अजून जागेवर आहे, सर.

खोटं लिहीत नाही. पेपरात बांगड्या लिहिल्या तर मार्क जातात. पण परवा दुसऱ्या बॅचला मी थेट ठिपक्यांपासून सुरुवात केली, आणि कोणालाच काही कळलं नाही. मायनसचं विचारणारी मुलगीही त्या तासाला येऊन बसली होती. तास सुटल्यावर ती म्हणाली, "सर, ते आजोबा परत येणार का?" मी म्हणालो, विचारतो.

या रविवारी मी गावी येतो. फळा मी सरळ करीन. तुम्ही बांगड्यांपर्यंत शिकवा, पुढचे ठिपके मी काढतो. त्याआधी मला रागवायचं असेल तर ओट्यावरच रागवा, पोरांसमोर. मीही पोरांसमोरच बोललो होतो.

तुमचा,
दोन वर्षांसाठी मागून घेतलेला पोरगा