व्यवसायाच्या रकान्यात मजुरी

दारव्ह्यात सायकलींचं पंक्चर काढणारे हमीदचाचा नसते, तर मी आज जबलपुरात मोटारीच्या कारखान्यात उभा नसतो. हे आधी लिहितो. कारण पुढचं लिहिताना तोंड कडू होतं.

आठवीत होतो. मास्तर नागपूरहून कसलंसं शिक्षण घेऊन आले आणि पोरांना 'पुढे काय व्हायचं' ते विचारून छापील पत्रकं भरू लागले. नववीत विज्ञान मिळणार की नाही, ते त्यावर ठरायचं. वकिलाच्या पोराला विचारलं. कापसाच्या दलालाच्या पोराला विचारलं. मला ओव्हरसियर व्हायचं होतं. तांड्याजवळ रस्ता झाला तेव्हा फीत धरून मोजणारा माणूस पाहिला होता. गणितात वर्गात पहिला होतो. उत्तर पाठ करून उभा राहिलो.

विचारलंच नाही. "तांड्यावरचा ना तू? खिसे सांभाळा रे," म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची अजून किळस येते.

पत्रकावर बापाचा अंगठा हवा होता. बापाला वाटलं, सायबानं पोराची नोकरीच लिहून दिली. म्हणून घरचं तूप घेऊन आला. मास्तरांनी बरणी ठेवून घेतली. बापानं अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली, पाणी मागितलं. मास्तरांनी ओंजळ करायला लावली. वरून ओतलं. तूप चाललं. पेला चालला नाही.

मी पत्रक ओढून वाचलं. आवड : नाही. कल : अंगमेहनत. व्यवसाय : मजुरी.

"बा, याच्यात मजुरी लिवलं हाये."

"सायबानं लिवलं त बराबरच असन."

मी पत्रक फाडलं. बरणी उचलली. मास्तर म्हणाले, दाखला घेऊन चालता हो. झालो.

चाचांच्या दुकानापुढे बसलो. बाप सारखा म्हणत होता, जा, सायबाचे पाय धर. नाही धरले. चाचांनी सारं ऐकून घेतलं. "तू बोल बेटा, तुले काय व्हायचं हाये?" चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. सांगितलं. ते हसले नाहीत. जबलपूरच्या मेव्हण्याला चिठ्ठी दिली : पोरगा गणितात पक्का आहे, कामाला ठेव, पण शिकू दे.

मुकादम कागद घेऊन आला की अजून ते पत्रक आठवतं. वाचल्याशिवाय सही करत नाही. मॅट्रिकला बाहेरून बसणार. नापास झालो तर परत बसणार. ओव्हरसियर झालो तरी मास्तरांकडे पेढे जाणार नाहीत. चाचांची पोरगी रशिदा आता चौथीत आहे. तिचं पत्रक भरायची वेळ येईल तेव्हा कुठंही असलो तरी दारव्ह्याला येईन, तिच्या बाजूला उभा राहीन. तिला विचारल्याबिगर एक अक्षर कोणाला लिहू देणार नाही. चाचा, हे मी फेडीन.