धार तुटू नये म्हणून

वडील रेल्वेत गार्ड होते आणि आम्ही बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. पन्नासनंतरची ती वर्षं. चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. त्या मुलखात आमची माणसं, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, अगदी तुरळक होती. शेजारच्या बायका आधी आम्हाला पारशी समजल्या, मग ख्रिस्ती. एकीने आईला सरळ विचारलं होतं, "बाई, तुमी लुगडं तं आमच्यासारखंच नेसता, मंग देवाचा फोटू काऊन नाई घरात?" आई म्हणाली, "आमच्यात नसतो फोटो." बाईला ते पटलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आमच्यात पूर्ण प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात. चांदा, बल्लारशा, वरोरा, सिंदेवाही सगळं धुंडाळलं असतं तरी पाच-सहाच मिळाले असते, आणि तेही कुणी गाडीवर, कुणी जंगलात. प्रार्थनाघर नव्हतं. त्यामुळे जे काही व्हायचं ते बायकांच्या हातून व्हायचं. महिन्यातल्या एका रविवारी त्या आमच्या क्वार्टरमध्ये जमत. वरोऱ्याहून स्टेशनमास्तरांची बायको येई. चांद्याच्या दवाखान्यातल्या एक नर्स येत. त्या विधवा होत्या, त्यांना मी मावशी म्हणे. आणि आमच्याच कॉलनीतल्या, इंजिन ड्रायव्हरच्या विधवा आईला सगळ्या आक्का म्हणत. आक्का साठीच्या होत्या. कोकणातून येताना त्यांनी सगळे रिवाज पाठ करून आणले होते.

जमल्यावर मलिदा व्हायचा. पोहे भिजवून, त्यात साखर, वेलची आणि खोबरं. नारळ तिकडे चांगला मिळत नसे, आणि बदामांऐवजी आक्का चारोळी घालायच्या. चारोळी जंगलातली, तिला तोटा नव्हता. मग त्या बसून शिवत. पांढऱ्या मांजरपाटाचे साधे कपडे. धाग्याच्या टोकाला गाठ मारायची नाही, असा आक्कांचा हुकूम होता. मी नऊ-दहा वर्षांची. हे कपडे कुणाचे म्हणून विचारलं तर नर्समावशी म्हणाल्या, "जिला लागतील तिचे." मला वाटलं, एखाद्या गरिबाचे असतील.

एका हिवाळ्यात यांच्यात पाचवी आली. सिंदेवाहीच्या पलीकडे जंगलात एक तरुण रेंजर होता, आमच्यातलाच. त्याने अलिबागकडची मुलगी करून आणली. एकोणीस वर्षांची असेल. पहिल्या रविवारी ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीने चांद्याला आली आणि तिथून नर्समावशींबरोबर आमच्याकडे. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, बघून तिने तिला हात लावला, बोटं ओठांना लावली आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. सहा आठवडे तिला नवऱ्याशिवाय आपलं माणूस दिसलं नव्हतं. आक्कांनी तिला आत घेतलं आणि जवळ बसवलं. त्या दिवशी ती फारसं बोललीच नाही. पुढच्या वेळी मात्र बोलायला लागली ती थांबेना. समुद्राच्या मासळीबद्दल बोलायची. इकडच्या तळ्यातल्या मासळीला चव नाही म्हणायची. रेंजच्या नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची, गोंड बायको तिला जंगलातल्या भाज्या ओळखायला शिकवते, ते सांगायची. त्या बाईची नक्कल करायची, पण प्रेमाने. "बाई, हे नोको खाऊ, पोट दुखते!" आम्ही हसायचो. जेवण झालं की ती आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. सगळ्यांच्या देखत, लाजायची नाही.

पावसाळ्यानंतर तिला दिवस गेल्याचं कळलं. त्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा अंग गरम होतं. नर्समावशींनी नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाल्या, "हिवताप आहे. चार दिवस माझ्याकडे राहा." ती म्हणाली, "हे एकटे आहेत. यांना चहासुद्धा करता येत नाही." आईने तिला औषधाच्या पुड्या बांधून दिल्या, शाल दिली आणि स्टेशनपर्यंत पोचवलं. परत आल्यावर आई ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी हात धरून ठेवायला हवी होती." आक्का म्हणाल्या, "जाईल ताप."

बारा दिवसांनी सकाळी वडील ड्यूटीवरून आले ते बूट न काढताच आत आले. सिंदेवाही स्टेशनावरून ती गेल्याचा निरोप आला होता. आईने मला शेजारी ठेवायला बघितलं, पण मी पदर सोडीना. म्हणून मीही गेले. आक्का, आई, वडील, चांद्याला भेटलेल्या नर्समावशी आणि मी. आक्कांचा मुलगा इंजिन घेऊन वर्ध्याकडे गेला होता. वरोऱ्याच्या बाईंना निरोप उशिरा मिळाला, त्यांची गाडी चुकली. छोटी गाडी मूलवरून जंगलातून हळूहळू चालायची. आक्कांनी ते पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर धरलं होतं. तेव्हा मला कळलं ते कुणाचे.

सिंदेवाहीहून बैलगाडीने गेलो. पोचेपर्यंत दुपार झाली होती. रेंजर बाहेर ओसरीवर बसला होता. त्याच्या पायात एकच चप्पल होती. वडील त्याच्याजवळ जाऊन बसले. आत तिच्या उशाशी नाकेदाराची बायको बसलेली होती. उंच, काळी, कपाळावर गोंदण. ती उठली नाही. आक्कांकडे बघून म्हणाली, "सा दिवस मीच पेज पाजली तिले. काल सकाळपासून गिळतच नोहती. तुमचं नाव घेत होती, आक्का, आक्का म्हणून."

आक्का खाली बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी लुगड्याच्या निऱ्या खोचल्या आणि कामाला लागल्या.

आमच्यात बाईला बायकाच स्नान घालतात. अंग झाकलेलंच ठेवायचं. डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडायचं आणि ती धार मध्ये तुटू द्यायची नाही. एकीचा तांब्या संपायच्या आत दुसरीने सुरू करायचं. त्याला निदान चौघी लागतात, एक आधार द्यायला आणि तिघी पाणी घालायला. इथे तिघीच होत्या. नर्समावशी म्हणाल्या, "मी धरते. पण तुम्ही दोघी पुन्हा भरून घेईपर्यंत धार तुटेल." आई माझ्याकडे बघू लागली. आक्का म्हणाल्या, "ती लहान आहे. तिला बाहेर बसव."

दारातून ती नाकेदारीण म्हणाली, "पानी मी आनलं हाये हिरीतून. घालू काय मी बी?"

नर्समावशी हळूच म्हणाल्या, "आक्का, आपल्यातलीच हवी ना?"

आक्कांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांचा आयुष्यभराचा रिवाज होता तो, आणि रिवाजाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. मग म्हणाल्या, "आजारपणात तिचं सगळं हिनं केलं. आपण तिघी सुरक्षित घरी बसलो होतो. हिचा हात नको म्हणायला आता मला तोंड नाही." आणि तिला म्हणाल्या, "ये गं. हात स्वच्छ धुवून ये. माझा तांब्या संपत आला की तू सोडायचं. बोलायचं नाही."

दार लोटलं गेलं. मी ओसरीच्या टोकाला बसले. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा. मग आक्कांचा आवाज आला. शेवटी गेलेलीची क्षमा मागतात, तिला नावाने हाक मारून. आमच्या हातून तुझ्या मानाला काही उणं पडलं असेल तर माफ कर, असं. आक्का ते म्हणता म्हणता थांबल्या. आईने पुरं केलं. नंतर आईने मला सांगितलं की तिने मनातल्या मनात आणखी एक क्षमा मागितली होती, त्या रविवारची.

पुरायचं कुठे हा प्रश्न होता. जवळपास आमचं दफनस्थान नव्हतं आणि सूर्य मावळायच्या आत करायला हवं होतं. नाकेदार स्वतः आला. वडिलांना म्हणाला, "साहेब, आमच्यात बी मातीच देतेत. आमच्या जागेत, मोहाच्या झाडाखाली, एका बाजूनं द्या. कोनी काई म्हणनार नाई." गावातल्या माणसांनी खड्डा खणला. आमचे पुरुष दोनच होते, रेंजर आणि वडील. जी प्रार्थना दहांशिवाय म्हणता येत नाही ती म्हटली गेली नाही. वडिलांनी शेमा, देव एकच असल्याची प्रार्थना, म्हटला आणि जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. आमच्या तिघी बायका आणि ती गोंड बाई थोड्या मागे उभ्या होत्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून.

त्यानंतरच्या रविवारी सगळ्या जमल्या. मलिदा झाला, पण कुणी शिवायला घेतलं नाही. आक्कांच्या मांडीवर कुणी नव्हतं. त्या सारख्या गुडघ्यावरचं लुगडं सारखं करत होत्या.

नंतर सगळं उसवतच गेलं. रेंजर नोकरी सोडून मुंबईला गेला आणि तिथून बोटीने इस्राएलला. त्याच्या मागोमाग वरोऱ्याचं बिऱ्हाडही गेलं. त्या दिवसांत घराघरात तेच बोलणं होतं. आमचे वडील म्हणत, "माझी पेन्शन इथं, माझी भाषा इथं." आक्कांना जायचं नव्हतं. पण मुलगा जाणार म्हटल्यावर आई मागे कशी राहणार? शेवटच्या रविवारी त्यांनी आईला आणि नर्समावशींना समोर बसवून स्नानाचे रिवाज आणि क्षमेचे बोल पुन्हा म्हणून घेतले, शब्द न शब्द. निघताना आईला म्हणाल्या, "दोघी उरलात तरी जमायचं हं. गप्पा मारायला म्हणून तरी जमायचं."

त्या दोघी जमत राहिल्या. समोरासमोर बसून वाटीभर पोह्यांचा मलिदा करत.

दीड-दोन वर्षांनी आक्कांच्या मुलाचं पत्र आलं. आई वारली, असं त्याने लिहिलं होतं. तिथे वाळवंटातल्या एका नव्या गावात ते राहत होते. शेजारी निरनिराळ्या देशांतून आलेले, आक्कांना त्यांची भाषा यायची नाही, त्यांना आक्कांची. शेवटचं स्नान घालायला ज्या बायका आल्या त्या अनोळखी होत्या. त्यांनी सगळं नीट केलं, असं त्याने लिहिलं होतं. आईने ते वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाली, "नीट केलं असेल. पण क्षमा मागताना त्यांना तिचं नाव तरी धड उच्चारता आलं असेल का?"

त्याच रविवारी नर्समावशी आल्या तेव्हा दोघींचं काहीतरी ठरलं होतं. मी तेरा वर्षांची झाले होते. दुपारी आईने जमिनीवर चटई अंथरली, तिच्यावर उताणी झोपली आणि अंगावर चादर ओढून घेतली. नर्समावशींनी माझ्या हातात रिकामा तांब्या दिला. "ये, तुला शिकवते. पाणी नाही, नुसतं धरून बघ. उजवीकडून सुरू करायचं."

मी म्हटलं, "मला नको."

चटईवरून आई म्हणाली, "अगं, आम्ही दोघीच आहोत. उद्या एक गेली तर दुसरी एकटी काय करील?"

तिचे डोळे मिटलेले होते. तिचे पाय चादरीतून बाहेर आले होते आणि टाचांना भेगा होत्या. मी तांब्या टाकून पळाले, मागच्या दाराने रुळांपर्यंत. संध्याकाळी परत आले तेव्हा चटई गुंडाळून ठेवलेली होती आणि आई भाकरी थापत होती. ती रागावली नाही. तिने पुन्हा कधी मला ते शिकायला सांगितलं नाही.

नर्समावशींची पुढे बदली झाली. वडील निवृत्त झाल्यावर आम्ही नागपूरला गेलो. माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले. आई गेली तेव्हा मी गाडीत होते. नागपूरच्या दवाखान्यात पोचले तोवर वॉर्डातल्या बायकांनी तिला आंघोळ घालून, केस विंचरून, कपाळ पुसून ठेवलं होतं. चांगल्या होत्या त्या. एकीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "झालं सगळं बाई, काई राह्यलं नाई." आमच्यातल्या कुणीच नव्हत्या तिथे. तिथे मी होते, आणि मला काहीच येत नव्हतं.

तेराव्या वर्षी जे शिकले नाही ते मी चाळिशीत शिकले. ठाण्याच्या आमच्या महिला मंडळात एक म्हातारी होती, तिच्याकडून. मंडळ आता लहान झालं आहे. मुली इस्राएलला गेल्या, नाहीतर नोकरीच्या धावपळीत आहेत. मागच्या बैठकीत एक सून म्हणाली की आता फोनवर सगळं बोलता येतं, दवाखान्यात सगळी सोय असते, मग दर महिन्याला जमायचं कशासाठी? तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला चांद्याच्या जंगलातल्या एका मुलीची गोष्ट सांगायला घेतली, पण तिच्या नावापर्यंत आले आणि मला पुढे बोलता येईना. सून उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. ती निघून जाईल असं वाटलं होतं, पण जवळ येऊन बसली आणि मी बोलायची वाट बघत राहिली.